गाडी हवा घेते तेव्हा: व्हॅक्यूमची गळती शोधायची कशी, बुजवायची कशी

मागच्या वैशाखात घाटंजीकडचे एक गुरुजी त्यांची छोटी पेट्रोल गाडी घेऊन माझ्या गॅरेजवर आले. म्हणाले, "भाऊ, रोडनं मस्त पळते, काहीच तक्रार नाही. पण गावात शिरली, ब्रेकरपाशी पाय काढला का बंद पडून राहिली." त्याआधी दुसऱ्या एका ठिकाणी तिचे तिन्ही प्लग, कॉइल आणि टाकीतला पेट्रोल पंप बदलून झाला होता. पगाराचा मोठा भाग त्यात गेला आणि गाडी होती तशीच.

बोनट उघडून गाडी स्लोवर सोडली, म्हणजे रेस न देता नुसती चालू ठेवली. रेडिएटरचा पंखा थांबला तेव्हा इंजिनच्या मागून बारीक, न तुटणारा आवाज ऐकू आला. कुकरची शिट्टी नीट बसली नाही की वाफ निघते, तसा. हात आत घालून चाचपत गेलो. एका रबरी पाईपच्या वाकणाखाली बोट गेलं, बोटाची कातडी आत ओढली गेली आणि त्याच क्षणी आवाज बंद झाला. इंजिनची थरथर थांबली, सूर खाली आला. पाईप काढून उलटा केला तर वाकणाच्या पोटाला अर्ध्या इंचाची चीर होती. वरून पाहिलं तर पाईप धडधाकट. गुरुजी बराच वेळ तो तुकडा हातात घेऊन वाकवत होते. दाबला की चीर मिटायची, सोडला की उघडायची.

आम्ही मेकॅनिक लोक याला "गाडी हवा घेते" म्हणतो. पुस्तकी भाषेत व्हॅक्यूमची गळती. हा बिघाड शोधायला जवळपास काहीच खर्च येत नाही, आणि न शोधता सामान बदलत बसलं तर खर्चाला अंत नाही. ज्यांना यवतमाळ किंवा अमरावतीचं वर्कशॉप गाठायला अर्धा दिवस मोडावा लागतो, त्यांनी हे स्वतः तपासायला शिकावं असं मला मनापासून वाटतं. जागा सापडेपर्यंत एकही पार्ट बदलायचा नाही, एवढं एक धरून चाला.

आत नेमकं काय होतं

पेट्रोल इंजिनात पिस्टन खाली जाताना हवा ओढतो. ती हवा फिल्टरमधून, मग थ्रॉटल बॉडीच्या, म्हणजे रेस दिली की उघडणाऱ्या, पाकळीजवळून, मग मॅनिफोल्डमधून, म्हणजे सगळ्या सिलेंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळकांड्यातून, सिलेंडरमध्ये जाते. रेसवरून पाय काढला की पाकळी जवळपास मिटते. पिस्टन ओढतच असतात आणि वाट बंद असते, म्हणून मॅनिफोल्डमध्ये दाब एकदम खाली येतो. बाहेर आपल्याकडे हवेचा दाब साधारण ९६ ते ९८ किलोपास्कल असतो. आत, गरम इंजिन स्लोवर असताना, तो ३० ते ४० असतो. या ओढीवर ब्रेकचा जोर वाढवणारा बुस्टर चालतो, क्रँककेसमधला, म्हणजे इंजिनच्या खालच्या पोटातला, धूर परत ओढला जातो, टाकीतली पेट्रोलची वाफ खेचली जाते. या प्रत्येक कामासाठी एकेक रबरी पाईप मॅनिफोल्डला जोडलेला असतो. त्यातला एखादा चिरला, निसटला, किंवा मॅनिफोल्डचं पॅकिंग सुटलं, की फिल्टर आणि पाकळी दोन्ही चुकवून हवा आत शिरते.

आता गुरुजींची गाडी रोडवर ठीक आणि ब्रेकरवर बंद, असं का? स्लो स्पीडला इंजिन मुळातच थोडीशी हवा घेतं. त्यात चिरेतून येणाऱ्या हवेचा वाटा मोठा होतो. साठच्या वेगाला पाकळी उघडी असते, हवा भरपूर जात असते आणि मॅनिफोल्डमधली ओढही कमी झालेली असते. मग तीच चीर हिशेबातसुद्धा राहत नाही. स्लोला त्रास आणि वेगात आराम, ही या बिघाडाची सगळ्यात पक्की खूण.

दोन प्रकारच्या गाड्या मात्र वेगवेगळ्या वागतात, आणि इथं बरेच जण चुकतात. काही गाड्यांत फिल्टरनंतर हवा मोजणारा सेन्सर असतो, त्याला मॅफ म्हणतात. चिरेतली हवा त्याच्या मागून येते, म्हणून ती त्याला दिसतच नाही. कॉम्प्युटर कमी पेट्रोल देतो, मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, गाडी मिसिंग मारते, बंद पडते. मारुतीच्या ओम्नी, अल्टो, वॅगन आर अशा आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. जास्तीची हवा आली की दाब वाढतो, तो सेन्सरला कळतो, कॉम्प्युटर पेट्रोलही वाढवतो. मग गाडी बंद पडण्याऐवजी स्लो स्पीड चढते, ११०० किंवा १५०० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांवर, जाऊन बसते. कधी एका तालात वर-खाली होते, कारण पाकळी मिटलेली असताना आरपीएम जास्त दिसला की कॉम्प्युटर पेट्रोल तोडतो, आरपीएम पडला की परत देतो. गुरुजींच्या गाडीत चीर एका सिलेंडरच्या वाटेला लागून होती, त्यामुळे तेवढा एकच सिलेंडर पातळ मिश्रणावर चालत होता आणि गाडी आचके देऊन बंद पडत होती.

गाडी थोडी थरथरते एवढ्यावर हे थांबत नाही. फिल्टर चुकवून आलेल्या हवेबरोबर धूळ येते. कापसाच्या दिवसांत जिनिंगच्या रस्त्यावर ट्रॅक्टरमागून चालणारी गाडी काय धूळ खाते ते आपण रोज पाहतो. काळ्या मातीची ती भुकटी सिलेंडरमध्ये गेली की रिंगा आणि बोअर घासले जातात. तीस रुपयांच्या पाईपपायी इंजिन खोलायची वेळ मी पाहिली आहे.

आपल्याकडे हे जास्त का होतं

एक तर ऊन. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास, वरून बोनटखालची धग. रबर वाळतं, काचेसारखं कडक होतं आणि जिथं वाकलेलं आहे तिथंच तडकतं.

दुसरं म्हणजे उंदीर. सोयाबीन, तूर, कापूस घरात आला की उंदीर येतात, आणि कोठ्यात किंवा कोठीघराला लागून उभ्या केलेल्या गाडीचं गरम इंजिन त्यांना हिवाळ्यात फार आवडतं. कुरतडलेला पाईप ओळखू येतो, कडा दातेरी असतात आणि खाली बारीक काळा चुरा पडलेला असतो.

तिसरं, गॅस किट. मागाहून बसवलेल्या सिक्वेन्शियल किटसाठी मॅनिफोल्डला प्रत्येक सिलेंडरजवळ भोक पाडून नोझल बसवतात आणि व्हॅक्यूमच्या पाईपला मधेच टी जोडतात. काम नीट झालं असेल तर काही होत नाही. घाईत झालं असेल तर हवा तिथूनच येते. तुमच्या गाडीला किट असेल तर शोध तिथूनच सुरू करा.

हात घालण्याआधी

गाडी मोकळ्या जागेत, सपाटीवर लावा. बंद शेडमध्ये चालू गाडी ठेवून काम करू नका, सायलेन्सरच्या धुरातला कार्बन मोनॉक्साईड दिसत नाही आणि वासही देत नाही. न्यूट्रल, हँडब्रेक, चाकाखाली विटा. गळ्यातला दुपट्टा काढून ठेवा, बाया असतील तर वेणी आणि पदर नीट खोचून घ्या, हातातलं कडं-घड्याळ उतरवा. रेडिएटरचा पंखा विजेवर चालतो, तो मध्येच अचानक फिरतो. जवळ एक बादली कोरडी वाळू ठेवा.

सामान थोडंच लागतं: बॅटरी म्हणजे टॉर्च, छोटा आरसा, पक्कड आणि तिच्या जबड्याला गुंडाळायला कापड, ८, १० आणि १२ चे पाने, पेचकस, आणि हात-सव्वा हात नळी. ही नळी म्हणजे गवंडी लेव्हल पाहायला वापरतात ती पारदर्शक नळी. तिच्यापेक्षा चांगलं ऐकायचं साधन मला अजून मिळालेलं नाही.

पाण्यासाठी फवाऱ्याची बाटली हवी, न्हाव्याकडे असते तशी, आणि ती नवी घ्या. कपाशीवर औषध फवारलेला पंप किंवा त्याची बाटली धुवूनसुद्धा वापरू नका. इंजिन गरम असतं, पाण्याची वाफ सरळ तोंडावर येते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं किती शेतकरी गेले ते आपण विसरलेलो नाही.

आणि एक कळकळीची विनंती. कुठं कुठं गॅसची नळी किंवा पेट्रोल, कार्ब क्लीनर असं काही चालू इंजिनवर सोडून आरपीएम वाढतो का ते पाहतात. पद्धत जुनी आहे आणि गळती सापडतेही, पण गरम एक्झॉस्टवर किंवा प्लगच्या वायरीतून उडालेल्या ठिणगीवर ते पेटतं. पाण्यानं तेच काम होतं. उदबत्तीचा धूर फिरवायचीही गरज नाही, पेट्रोलच्या वाफेजवळ निखारा नको.

आधी थंड इंजिन, डोळे आणि बोटं

सकाळी गाडी सुरू करायच्या आधी हे करा. थ्रॉटल बॉडीपासून सुरुवात करा. फिल्टरकडून जाड काळा पाईप येऊन जिथं धातूच्या तुकड्याला लागतो ती थ्रॉटल बॉडी. तिच्यापासून इंजिनकडच्या बाजूला जे काही आहे ते सगळं तपासायचं. फिल्टरकडच्या जाड पाईपलाही चीर असते, आणि मॅफच्या गाडीत ती तितकाच त्रास देते, म्हणून त्याच्या घड्या उघडून पाहा.

मग एकेक बारीक पाईप धरा आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोट फिरवत जा. वरून पाहून समाधान मानू नका. पाईप किंचित वाकवा, पिळा, खालची बाजू आरशात पाहा. चिरा नव्वद टक्के वेळा दोनच जागी असतात असं माझा हात सांगतो: टोकाला, जिथं तो नोझलवर, म्हणजे बारीक तोटीवर, चढवलेला असतो, आणि वाकणाच्या पोटात. नखानं दाबा. चांगलं रबर दबून परत येतं, मेलेलं रबर दबत नाही, नाही तर तेलानं फुगून चिखलासारखं होतं. क्रँककेसचा पाईप, ज्याला पीसीव्हीचा पाईप म्हणतात, तो तेलाची वाफ पिऊन असाच मऊ पडतो. गुरुजींचा पाईप तोच होता.

एखादं नोझल उघडं तर नाही ना, तेही पाहा. कोणी कधी काही काढून पाईप न जोडता ठेवून दिलेला असतो किंवा रबरी टोपी वाळून गळून गेलेली असते. ऑइल भरायचं झाकण आणि ऑइलची पट्टी नीट बसलेली आहे का पाहा, बऱ्याच इंजिनांत ती सैल असली तरी पीसीव्हीमार्गे हवा आत जाते.

अर्ध्याहून जास्त गाड्यांचा शोध माझ्याकडे इथंच संपतो.

मग कान

गाडी सुरू करा, एसी बंद, स्लोवर सोडा. आजूबाजूला ट्रॅक्टर, थ्रेशर, पिठाची गिरणी चालू नसेल अशी वेळ निवडा. नळीचं एक टोक कानाला लावा, दुसरं टोक प्रत्येक जोडापाशी सावकाश न्या. मॅनिफोल्ड आणि हेडचा सांधा, थ्रॉटल बॉडीचा सांधा, प्रत्येक इंजेक्टरचं, म्हणजे पेट्रोल फवारणाऱ्या तोटीचं, बूड, मॅप सेन्सरचं बूड, पाईपांची टोकं. पट्ट्यांपासून आणि पंख्यापासून नळी लांब ठेवा. भोकापाशी आलात की साध्या घरघरीच्या वर एकदम स्पष्ट फूत्कार येतो, अंगुळभर इकडं-तिकडं सरकवलं की जातो. इंजेक्टरची टिकटिक वेगळी, तिला घाबरू नका.

पकडीनं चिमटा

आवाज सापडला नाही तर ही युक्ती. पकडीच्या जबड्याला कापड गुंडाळा आणि एकेक पाईप मॅनिफोल्डच्या अगदी जवळ दोन सेकंद दाबून धरा. इंजिनचा सूर बदलला तर गळती त्या पाईपमध्ये किंवा त्याच्या पलीकडच्या भागात आहे. मग चिमटा पुढं पुढं नेत जा. जिथं दाबल्यावर फरक पडायचा थांबतो, त्याच्या अलीकडे भोक. जुना कडक पाईप जोरात दाबू नका, दाबतानाच तुटेल.

कोणत्या पाईपला काय व्हायला हवं हे माहीत असलं पाहिजे. बुस्टरचा पाईप दाबल्यावर चांगल्या गाडीत काहीच बदल होत नाही. पीसीव्हीचा पाईप दाबला तर आरपीएम थोडा खाली येतो, ते बरोबर आहे, कारण त्यातून थोडी हवा जाणारच असते. फार खाली आला, गाडी बंद पडायला लागली किंवा अचानक सुधारली, तर तो पाईप चिरलेला आहे किंवा पीसीव्ही वाल्व्ह उघडा अडकलेला आहे. वाल्व्ह काढून हलवून पाहा, आतली गोळी खुळखुळली पाहिजे. पर्ज वाल्व्ह, म्हणजे टाकीच्या वाफेचा, थंड इंजिन स्लोवर असताना बंद असतो. त्याचा कॅनिस्टरकडचा, म्हणजे वाफ साठवणाऱ्या डब्याकडचा, पाईप काढून वाल्व्हच्या तोंडाला बोट लावा. ओढ लागली तर तो वाल्व्ह गळतो आहे.

एक उलटा प्रकारही आहे. काही गाड्यांत मॅप सेन्सरला वेगळा बारीक पाईप असतो. तोच चिरला तर सेन्सरला वाटतं इंजिनवर खूप लोड आहे, आणि पेट्रोल भरमसाठ सुटतं. काळा धूर, पेट्रोलचा वास, काजळलेले प्लग. गळती व्हॅक्यूमचीच, लक्षणं मात्र पातळ मिश्रणाच्या नेमकी उलट.

पाणी

मॅनिफोल्डचं पॅकिंग, थ्रॉटलचं पॅकिंग, इंजेक्टरचे ओ-रिंग हे चिमट्यात धरता येत नाहीत. तिथं पाण्याची बारीक फवार मारायची. एका वेळी एकच जागा, दोन बोटांएवढी, मग पाच सेकंद थांबून कान द्या. पाण्यानं भोक क्षणभर बुजतं आणि स्लो स्पीड बदलते, किंवा पाणी आत ओढल्याचा सुरसुर आवाज येतो. कॉइल, प्लगची टोपणं, अल्टरनेटर, फ्यूजचा डबा यांवर पाणी नको. तापलेल्या एक्झॉस्टवर तर मुळीच नको, बीड म्हणजे ओतीव लोखंड तडकू शकतं. घाई केलीत आणि सगळीकडे एकदम भिजवलंत तर काहीच कळणार नाही, वाळेपर्यंत तासभर बसावं लागेल.

काही पॅकिंगं थंड इंजिनला गळतात आणि तापल्यावर धातू फुगून मिटतात. म्हणून सकाळची थरथर दहा मिनिटांत आपोआप जात असेल तर ही फवार इंजिन थंड असतानाच मारा.

गेज आणि स्कॅनर, मिळाले तर

व्हॅक्यूमचा गेज काही शे रुपयांत येतो आणि गॅरेजवाल्यानं तरी तो ठेवावाच. पाकळीनंतरच्या एखाद्या नोझलला टी जोडून लावायचा. समुद्रसपाटीला चांगलं गरम इंजिन स्लोवर पाऱ्याचे १७ ते २१ इंच दाखवतं. दर ३०० मीटर उंचीला साधारण एक इंच कमी होतो, यवतमाळ साडेचारशे मीटरच्या आसपास आहे, तेव्हा इथं दीड इंच वजा धरा. काटा स्थिर पण १२-१४ वर असेल तर गळतीचा संशय पक्का, टायमिंगही एकदा पाहा. काटा ठराविक अंतरानं झटका देऊन पडत असेल तर एखाद्या वाल्व्हचा दोष असतो, तिथं पाईप शोधत बसू नका.

साधारण २०१३ नंतरच्या गाड्यांना स्टिअरिंगखाली स्कॅनरचं सॉकेट असतं आणि मोबाईलला जोडणारा छोटा स्कॅनर आता बऱ्याच तरुण मुलांकडे दिसतो. पी०१७१ हा कोड म्हणजे मिश्रण पातळ. कोडपेक्षा फ्युएल ट्रिम पाहा, म्हणजे कॉम्प्युटर ठरलेल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतो किंवा तोडतो तो आकडा. स्लोवर ट्रिम अधिक १५ किंवा २० टक्के आणि २५०० आरपीएमला शून्याजवळ, तर हवा आत येते आहे. दोन्हीकडे सारखंच अधिक असेल तर पेट्रोल कमी पडतंय, पंप, फिल्टर किंवा इंजेक्टर पाहा. मॅप सेन्सरच्या गाडीत मात्र गळती असूनही ट्रिम बरे दिसू शकतात. तिथं स्लो स्पीड चढलेली आणि स्लोच्या हवेचा वाल्व्ह पूर्ण मिटायला आलेला, ही जोडी पाहायची. पी०५०७ हा कोड त्याचाच, स्लो स्पीड ठरलेल्यापेक्षा जास्त असल्याचा.

इतकं करूनही सापडत नसेल तर शहरात स्मोक मशीन असलेलं गॅरेज गाठा. बंद इंजिनात अगदी हलक्या दाबानं धूर भरतात, जिथून धूर निघतो ती जागा. घरी पंक्चरच्या कॉम्प्रेसरनं हवा भरायचा प्रयोग करू नका, सील फाटतील.

ब्रेकचा बुस्टर: हे टाळू नका

पॅडलच्या समोर, बोनटखाली भाकरीच्या तव्याएवढा काळा गोल डबा असतो, तो बुस्टर. त्याचा पाईप गळत असेल तर स्लो बिघडते, पण त्याहून गंभीर म्हणजे ब्रेक कडक होतो. ब्रेक लागतो, फक्त त्याला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त जोर लागतो, आणि उतारावर समोर बैलबंडी आल्यावर तो जोर ऐनवेळी सुचत नाही.

गाडी बंद ठेवून पॅडल चार-पाच वेळा दाबा, कडक होईल. पाय तसाच दाबून ठेवा आणि गाडी सुरू करा. पॅडल थोडं खाली बसलं पाहिजे. मग चालू गाडीत पॅडल दाबून धरा, गाडी बंद करा, अर्धा मिनिट तसंच धरा. पायाखाली पॅडल वर यायला लागलं तर बुस्टर ओढ धरून ठेवत नाही. पाईपमध्ये एकतर्फी वाल्व्ह असतो, तो काढून फुंकून पाहा: बुस्टरकडून इंजिनकडे हवा जायला हवी, उलट अजिबात नाही. पॅडल दाबताना पायापाशीच फुस्स ऐकू आलं तर बुस्टरचा पडदा फाटला आहे. तो बुस्टर बदलावाच लागतो, आणि बदलेपर्यंत गाडी रोडवर काढू नका.

बुजवायचं कसं

चीर टोकाला असेल आणि पाईपला सैल लांबी असेल तर टोक ब्लेडनं सरळ कापून परत चढवा. ओढून ताणून बसणार असेल तर नवाच घ्या. जुना तुकडा दुकानात न्या आणि आतला व्यास जुळवा. पेट्रोल आणि तेल सोसणारा, धाग्याचा थर असलेला रबरी पाईप मागा. सायकलची ट्यूब, ठिबकची नळी, पारदर्शक प्लॅस्टिक यातलं काहीही नको. उष्णतेनं मऊ पडतात आणि ओढीनं चपटे होतात. बुस्टरचा पाईप कंपनीच्या मापाचा जाड भिंतीचाच घ्या, तिथं तडजोड नाही. वाकणाचा पाईप वाकणाचाच आणा, सरळ पाईप वाकवला तर आतून मिटतो. चढवताना साबणाचं पाणी लावा, ग्रीस लावू नका.

चिकटपट्टी किंवा एम-सील लावून गाव गाठता येतं. ते गाव गाठण्यापुरतंच.

मॅनिफोल्डचं पॅकिंग बदलणं अर्ध्या दिवसाचं काम. आधी नुसते बोल्ट पाहा, बऱ्याचदा ते सैल झालेले असतात. मधून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन फेऱ्यांत थोडे थोडे आवळा. ८ मिमीच्या बोल्टला साधारण २० न्यूटन-मीटर पुरतो, नेमका आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकात पाहा. ॲल्युमिनियममधले आटे फार लवकर जातात, हातभर पाईप घालून पाना ओढू नका. तरी थांबलं नाही तर इंजिन पूर्ण थंड झाल्यावर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून मॅनिफोल्ड उतरवा. पोर्टमध्ये स्वच्छ कापड कोंबा, जुनं पॅकिंग लाकडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीनं खरवडा, म्हणजे ओरखडे पडणार नाहीत. सांध्यावर स्टीलची पट्टी उभी धरून खालून फिलर, म्हणजे फट मोजायची पातळ पाती, घालून पाहा. ०.१ मिमीपेक्षा जास्त फट असेल तर मॅनिफोल्ड मशीनवर सपाट करून आणा, नाही तर नवं पॅकिंगही चार महिन्यांत सुटेल. पॅकिंगवर शेलॅक किंवा सिलिकॉन थापायची सवय सोडा. जास्तीचा गोळा आत ओढला जातो आणि साध्या सिलिकॉनची वाफ ऑक्सिजन सेन्सर खराब करते. शेवटी कापडं काढलीत ना, ते दोनदा पाहा.

इंजेक्टरच्या ओ-रिंगसाठी आधी पेट्रोलचा दाब उतरवा. पंपाचा फ्यूज काढून गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या. नव्या रिंगला इंजिन ऑइलचा एक थेंब लावून सरळ दाबा, फिरवून कोंबू नका.

त्यानंतर

गळती असताना कोणी थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू, म्हणजे पाकळी किती मिटायची ते ठरवणारा स्क्रू, फिरवून स्लो जमवलेली असते. हे फार वेळा होतं. गळती बुजली की मग स्लो चुकीची येते आणि लोकांना वाटतं काम फसलं. स्क्रूवरचा कारखान्याचा रंग तुटलेला दिसला तर तो जाणत्या माणसाकडून जागेवर आणून घ्या. बॅटरीची वायर दहा मिनिटं काढून परत लावा, गाडी एसी न लावता दहा मिनिटं स्लोवर चालू द्या, मग एसी लावून पाच मिनिटं. कॉम्प्युटर नवी हवा शिकतो. गरम झाल्यावर बहुतेक गाड्या ७५० ते ९०० वर स्थिर बसतात. तरी किंचित डुलत असेल तर थ्रॉटलची काजळलेली पाकळी साफ करा, जुन्या गाडीत दोन्ही दोष एकत्र असतात.

बोलेरोसारख्या डिझेल गाड्यांना हे सगळं जसंच्या तसं लागू होत नाही. डिझेलच्या मॅनिफोल्डमध्ये अशी ओढ तयार होत नाही, म्हणून बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटरच्या मागं वेगळा व्हॅक्यूम पंप असतो. तिथं गळतीचा परिणाम ब्रेकवर आणि काही गाड्यांत टर्बोच्या पिकअपवर दिसतो, स्लोवर नाही. पाईप तपासायची रीत मात्र हीच, आणि पंपाला जाणारा ऑइलचा पाईपही पाहून घ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडी सुरू करून पुन्हा एकदा नळी कानाला लावा. गुरुजींनी तसं केलं आणि फोनवर इंजिनचा आवाज ऐकवला. चिरलेला जुना तुकडा त्यांनी गाडीच्या कप्प्यात ठेवला आहे, पुढच्या वेळी दुकानात माप दाखवायला.